ब्रायन विल्यम्स आणि न लागलेलं रॉकेट: एका अँकरच्या करिअरचं प्रकरण

टीव्ही अँकरचं करिअर कसं उभं राहतं आणि कसं आडवं होतं हे बघायचं असेल तर माझ्या मते अमेरिकेतल्या एनबीसी ह्या मोठ्या टीव्ही नेटवर्कच्या अँकर ब्रायन विल्यम्सचं प्रकरण सगळ्यात कामाचं. ह्यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुठल्या पक्षाची सुपारी घेतली नाही, कुणाची बातमी दाबली नाही, माणूस फक्त स्वतःबद्दलची, इराक युद्धातल्या एका हेलिकॉप्टर प्रवासाची, गोष्ट सांगत राहिला आणि दर खेपेला ती थोडी थोडी फुगत गेली. आणि कहर म्हणजे ती गोष्ट तशी घडली नव्हती हे दाखवणारं फुटेज १२ वर्षं त्याच्याच चॅनलकडे पडून होतं.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म १९५९, न्यू जर्सीतल्या मिडलटाउनमध्ये वाढलेला, तरुणपणी तिथेच व्हॉलंटियर म्हणून आगीच्या बंबावर काम केलेलं. कॉलेजं तीन बदलली पण डिग्री एकाचीही नाही, मध्येच जिमी कार्टरच्या काळात व्हाइट हाउसमध्ये इंटर्नशिप केली आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच. १९८१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावातल्या स्टेशनवर पहिली नोकरी (स्टीलवालं मोठं पिट्सबर्ग वेगळं, हे नाही), मग वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क असं एकेक पायरी चढत १९९३ ला एनबीसीत आला. १९९४ ला चॅनलचा व्हाइट हाउसमधला मुख्य प्रतिनिधी, १९९६ ला एनबीसीच्याच नव्याने निघालेल्या एमएसएनबीसी ह्या केबल चॅनलवर रात्रीचं बुलेटिन, आणि २ डिसेंबर २००४ ला टॉम ब्रोकॉच्या जागेवर 'एनबीसी नाइटली न्यूज'ची खुर्ची. म्हणजे फुकटात काही मिळालेलं नाही, वीसेक वर्षं घासलेली आहेत.

खुर्चीत बसून वर्षही झालं नव्हतं तेवढ्यात ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळ आलं आणि हा न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये, जिथे हजारो लोक आसऱ्याला आले होते, त्यांच्याबरोबरच वादळाच्या रात्री थांबला. एनबीसीच्या त्या कव्हरेजला पीबडी हा टीव्ही-रेडिओतला मानाचा पुरस्कार मिळाला. विल्यम्स म्हणजे घटनास्थळी जाणारा अँकर ही इमेज इथून पक्की झाली, आणि पुढे ज्या गोष्टींनी घोटाळा केला त्यातल्या काही ह्याच कतरिनाच्या आहेत, त्यावर नंतर येतो.

आता एक मुद्दा, जो आपल्याकडच्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. आपण दूरदर्शनवर बातम्या बघत मोठे झालो तेव्हा बातम्या देणारी व्यक्ती म्हणजे वृत्तनिवेदक, हातातला कागद दुसऱ्याने लिहिलेला, आपलं काम शुद्ध उच्चारात आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता वाचायचं, संपलं. अमेरिकन नेटवर्कच्या संध्याकाळच्या बुलेटिनचा अँकर ही वेगळीच चीज आहे. सीबीएस नेटवर्कचा जुना नावाजलेला अँकर वॉल्टर क्रॉन्काइट, त्याच्यापासून तिथे अशी पद्धत पडली की अँकर हाच त्या बुलेटिनचा मॅनेजिंग एडिटर, म्हणजे कुठली बातमी जाणार, किती वेळ जाणार, कुठली काटायची यात शेवटचा शब्द बऱ्याच अंशी त्याचा. विल्यम्सही अँकर आणि मॅनेजिंग एडिटर दोन्ही होता. कागदावर ही रचना छान दिसते, अनुभवी पत्रकाराच्या हातात संपादकाची सूत्रं. पण मग त्या पत्रकाराच्या स्वतःच्या कॉपीवर लाल पेन कोण मारणार? त्याच्या हाताखालचा प्रोड्युसर? ज्याची पुढची बढती ह्याच्या मर्जीवर आहे तो?

आता मूळ प्रसंग. २४ मार्च २००३, इराकवर अमेरिकेची चढाई सुरू होऊन जेमतेम काही दिवस झालेले. विल्यम्स आणि त्याची टीम लष्कराच्या चिनूक हेलिकॉप्टरमधून निघाले होते, बरोबर निवृत्त जनरल वेन डाउनिंग. त्या दिवशी एका वेगळ्या तुकडीच्या चिनूकवर जमिनीवरून रॉकेट (आरपीजी) आणि गोळ्या सुटल्या, रॉकेट लागलं, तरी ते कसंबसं खाली उतरलं. विल्यम्सचं हेलिकॉप्टर तिथे उतरलं ते त्यानंतर साधारण तासाभराने. मग धुळीचं वादळ आलं आणि सगळेच दोन-तीन दिवस वाळवंटात अडकले, भोवती रणगाडेवाल्या तुकडीचा पहारा. हे सुद्धा काही सोपं प्रकरण नाही हो, युद्धभूमीत, धुळीत, आपण कुठे आहोत आणि शत्रू कुठे आहे काही पत्ता नाही अशा अवस्थेत दोन रात्री काढायच्या. हेच जसंच्या तसं सांगितलं असतं तरी कुणीही कान देऊन ऐकलं असतं.

आणि सुरुवातीला त्याने जवळपास तसंच सांगितलं. २००३ च्या मार्चमधल्या एनबीसीच्या रिपोर्टमध्ये तो म्हणतो की आमच्या पुढचं चिनूक आकाशातच उडवलं गेलं असतं, थोडक्यात वाचलं. 'पुढचं' हा शब्द इथेही जरा ताणलेला आहे, कारण तासाभराचं अंतर असेल तर त्याला पुढचं म्हणायचं का हा प्रश्नच आहे, आणि चॅनलने दिलेलं शीर्षक तर त्याच्याहून पुढे गेलं, की विल्यम्स ज्यात होता त्याच हेलिकॉप्टरवर हल्ला झाला. म्हणजे पहिली फुगवाफुगवी विल्यम्सची नाही, डेस्कची आहे. हे बहुतेक लोक विसरतात. शीर्षक लिहिणाऱ्याला चटकदार ओळ हवी होती, स्क्रिप्टमध्ये एक होतं आणि वरच्या पट्टीवर दुसरं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढची वर्षं गोष्ट हळूहळू सरकत गेली. २००८ च्या एका ब्लॉगमध्ये रॉकेट अजून पुढच्याच चिनूकला लागलंय, पण आता आमच्या चारही हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला अशी भर पडली. मार्च २०१३ मध्ये, युद्धाला १० वर्षं झाली म्हणून, डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या शोमध्ये गेला तेव्हा चारपैकी दोन हेलिकॉप्टरना मार लागला होता आणि त्यातलं एक हा स्वतः बसला होता ते. आणि ३० जानेवारी २०१५ ला थेट स्वतःच्या बुलेटिनमध्ये, आम्ही प्रवास करत होतो ते हेलिकॉप्टर आरपीजी लागून खाली उतरवावं लागलं.

आपल्याकडे पुण्यातल्या जुन्या घरात एखादे काका असायचे ना, पानशेतच्या पुराची गोष्ट सांगणारे, आधी पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि नातवंडं मोठी होईपर्यंत काका शनिवार पेठेतून पोहत बाहेर पडलेले. कुणी त्यांना खोटारडे म्हणत नाही. फक्त काकांच्या गोष्टीवर कुणी मत ठरवत नाही आणि काकांना त्याचा पगार मिळत नाही, विल्यम्सला मिळत होता, आणि बक्कळ. डिसेंबर २०१४ मध्येच त्याचा ५ वर्षांचा नवा करार झाला होता, वर्षाला सुमारे १ कोटी डॉलर असे आकडे तेव्हा छापून आले, त्या वेळच्या दराने साठेक कोटी रुपये. रोजचे प्रेक्षक ९० लाखांच्या वर, आणि तिन्ही मोठ्या नेटवर्कमध्ये (एनबीसी, सीबीएस, एबीसी) बुलेटिन पहिल्या नंबरवर.

इथे थोडं थांबून बघायला हवं की गोष्ट वाढली कुठे. चॅनलने नंतर जो निष्कर्ष जाहीर केला त्यातच म्हटलंय की चुकीची विधानं बहुतांशी बातम्यांच्या कार्यक्रमात झालेली नाहीत, रात्रीच्या गप्पांच्या शोमध्ये आणि जाहीर कार्यक्रमांत झाली. मला वाटतं सगळ्या प्रकरणाची नस इथे आहे. विल्यम्स विनोदी माणूस, टायमिंग जबरदस्त, २००७ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' ह्या विनोदी शोचं सूत्रसंचालन केलं, टॉक शोवाल्या जिमी फॅलनबरोबर बातम्या गाण्याच्या चालीवर संथ आवाजात म्हणायचा तो प्रकार तुफान चालला, सिरियलमध्ये पाहुणा म्हणून यायचा. टॉक शोचा होस्ट व्हायचीही त्याची इच्छा होती असं नंतर छापून आलं. आणि चॅनलला हे सगळं हवंच होतं! संध्याकाळी साडेसहाच्या बातम्या बघणारा प्रेक्षक म्हातारा होत चाललाय, तरुण पोरांपर्यंत चेहरा पोचवायचा तर हाच रस्ता, त्यामुळे प्रत्येक असा अपिअरन्स म्हणजे फुकटची जाहिरात. गप्पांच्या शोमध्ये 'आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या एका हेलिकॉप्टरला रॉकेट लागलं' असं सांगून टाळी मिळत नाही. होस्ट पुढे झुकून विचारतो, मग काय झालं, आणि तिथे माणूस दोन पावलं पुढे सरकतो. मी त्याची वकिली करत नाहीये, पण ज्या माणसाला बातमीदार आणि किस्सेबाज ह्या दोन्ही नोकऱ्या एकाच पगारात करायला सांगितल्यात त्याच्या किस्शांवर बातमीचे नियम लावणारं कुणीतरी ऑफिसात असायला हवं होतं की नाही?

तर ३० जानेवारी. विल्यम्स आदल्या दिवशी एका निवृत्त सैनिकाला, वाळवंटात त्या वेळी पहाऱ्याला असलेल्यांपैकी एकाला, न्यूयॉर्कमध्ये आइस हॉकीच्या मॅचला घेऊन गेला होता, स्टेडियममध्ये लाउडस्पीकरवरून गोष्ट सांगितली गेली, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि दुसऱ्या दिवशी तोच तुकडा बुलेटिनमध्ये. हेतू खरोखर त्या सैनिकाचं कौतुक करायचा होता असं मला तरी वाटतं. तुकडा चॅनलच्या फेसबुक पेजवर टाकला आणि खाली कॉमेंटमध्ये ज्या हेलिकॉप्टरला खरंच रॉकेट लागलं होतं त्यावरच्या एका क्रू मेंबरने लिहिलं की सॉरी, तुम्ही आमच्या हेलिकॉप्टरमध्ये असल्याचं आठवत नाही, आम्ही उतरल्यावर तासाभराने येऊन काय झालं म्हणून विचारत होता ते मात्र आठवतं. बास. बारा वर्षांची गोष्ट दोन ओळींत खाली. इतरही सैनिक बोलायला लागले, 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' ह्या लष्करातल्या लोकांसाठी निघणाऱ्या वर्तमानपत्राने त्यांच्याशी बोलून ४ फेब्रुवारीला बातमी दिली, मग सगळ्यांनीच उचलली.

त्याच संध्याकाळी विल्यम्सने ऑन एअर माफी मागितली. आणि इथे त्याने प्रकरण हाताबाहेर घालवलं असं माझं मत. माफीत तो म्हणाला की मी मागून येणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये होतो, एका सैनिकाचे आभार मानायच्या प्रयत्नात माझ्याकडून घोळ झाला. आता 'मागून येणाऱ्या' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येतं, दोन हेलिकॉप्टर एकामागे एक, पुढच्याला रॉकेट लागताना मागचा बघतोय! तासाभराचं अंतर पुन्हा गायब. म्हणजे खोट्याची दुरुस्ती करतानाही गोष्ट स्वतःच्या बाजूला झुकवलेली. सैनिक आणखी भडकले. सरळ 'माझ्यावर हल्ला झाला नव्हता, मी ते गेली काही वर्षं चुकीचं सांगत आलो' एवढं एक वाक्य पुरलं असतं, नोकरी कदाचित तरीही गेली असती, पण पुढचे सहा दिवस जे झालं ते तेवढं लांबलं नसतं.

झालं असं की लोक जुनी भाषणं उकरायला बसले. कतरिनाच्या वेळी हॉटेलच्या खिडकीतून न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर भागात प्रेत वाहत जाताना पाहिलं असं तो सांगायचा, आणि फ्रेंच क्वार्टर तर उंचावरचा भाग, बराचसा कोरडाच राहिला होता, अशी शंका आली. दुसरीकडे त्या भागाच्या कडेला कॅनाल स्ट्रीटवर पाणी होतं हेही खरं, त्यामुळे हा मुद्दा तितका सरळ नाही. २००६ च्या इस्रायल-लेबनॉन युद्धात कात्युशा रॉकेटं आपल्या हेलिकॉप्टरच्या किती जवळून गेली याच्याही दोन आवृत्त्या निघाल्या. एकदा एक धागा सुटला की सगळंच उसवतं. मार्केटिंगवाल्यांची एक यादी असते, देशात कुणावर लोकांचा किती विश्वास, त्यात तो आठवड्यापूर्वी २३ वा होता, तो ८३५ वर गेला.

७ फेब्रुवारीला त्याने स्वतःच काही दिवस बाजूला होत असल्याचं जाहीर केलं आणि १० फेब्रुवारीला एनबीसी न्यूजच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी ६ महिन्यांचं बिनपगारी निलंबन जाहीर केलं. योगायोग असा की त्याच दिवशी बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या जॉन स्ट्यूअर्टनेही आपला शो सोडायचं जाहीर केलं, आणि ह्या प्रकरणावरची त्याची कोपरखळी मला आजही सगळ्यात नेमकी वाटते: इराक युद्धाबद्दल अमेरिकेची दिशाभूल केल्याबद्दल शेवटी कुणालातरी शिक्षा झाली म्हणायची. हसून सोडून द्यायची गोष्ट नाही ती. ज्या चॅनलांनी २००३ मध्ये इराककडच्या विनाशकारी शस्त्रांच्या कहाण्या बिनबोभाट दाखवल्या त्यांच्यातला एकही अँकर त्यासाठी निलंबित झाला नाही, झाला तो स्वतःच्या हेलिकॉप्टरची गोष्ट फुगवणारा.

आता तो खोटं बोलला की त्याला तसंच आठवत होतं? ह्यावर तेव्हा भरपूर चर्चा झाली. स्मरणशक्तीवर काम करणारे लोक १९८६ च्या चॅलेंजर यान अपघाताचा अभ्यास सांगतात. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की तुम्हाला बातमी कुठे, कशी कळली, आणि अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ७ पैकी गुण दिले तर सरासरी ३ च्याही खाली, ११ जणांना शून्य, आणि तरी बरेच जण आपल्या आठवणीबद्दल ठाम. काहींनी तर स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही मानलं नाही. विल्यम्सच्या प्रकरणातही असंच एक उदाहरण आहे: त्या दिवशीचा एक पायलट आधी सीएनएनला म्हणाला की विल्यम्स माझ्याबरोबर होता आणि आमच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि बाकीच्यांनी हरकत घेतल्यावर म्हणाला की आता मलाच माझ्या आठवणीची खात्री वाटत नाही. त्या पायलटला तर काही कमवायचं नव्हतं.

म्हणून आठवण सरकते हे मी मान्य करतो. पण विल्यम्सच्या बाबतीत ती प्रत्येक वेळी एकाच दिशेला सरकली, त्याला हिरो करणाऱ्या. कधी उलट गेली नाही. जून २०१५ मध्ये एनबीसीच्याच मॅट लॉअरला दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतःच कबूल केलं की यात अहंकार होता, ज्या गोष्टीत मी आधीच होतो त्यातली माझी भूमिका मोठी करायची इच्छा होती. तरी 'मी जाणूनबुजून खोटं बोललो' हे वाक्य काही त्याने उच्चारलं नाही, लॉअरने फिरवून फिरवून विचारलं तरी.

पण माझा खरा प्रश्न चॅनलला आहे. ३० जानेवारीचं स्क्रिप्ट एअरवर जायच्या आधी किती डोळ्यांखालून गेलं असेल! प्रोड्युसर, रायटर, एडिटर. २००३ चं फुटेज त्यांच्याच आर्काइव्हमध्ये, त्यातली एक ओळ ऐकली असती तरी काम झालं असतं. कुणी ऐकली नाही, कारण बॉसचा स्वतःचा अनुभव क्रॉसचेक करायचा असतो हे कुणाच्या जॉब प्रोफाइलमध्येच नव्हतं. बाहेरच्या सोर्सने असं काही सांगितलं असतं तर दोन फोन झाले असते.

दहा वर्षं आधी सीबीएसचा अँकर डॅन रादरचं प्रकरण झालं होतं, सप्टेंबर २००४, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुशने तरुणपणी नॅशनल गार्ड ह्या राखीव दलात केलेल्या नोकरीची कागदपत्रं दाखवली आणि ती अस्सल असल्याचं सिद्ध करता आलं नाही. तिथे सीबीएसने बाहेरच्या दोघांची समिती नेमली, त्यांचा भलामोठा अहवाल जानेवारी २००५ मध्ये सगळ्यांसमोर ठेवला, न्यूजरूममधल्या चौघांवर कारवाई झाली आणि मार्च २००५ मध्ये रादरची खुर्ची गेली. अहवालावर टीका खूप झाली, तो भाग वेगळा, पण निदान वाचायला तरी मिळाला. एनबीसीने तपास घरातल्याच लोकांकडून करून घेतला आणि पूर्ण अहवाल कधी बाहेर काढलाच नाही. म्हणजे किती किस्से फुगवलेले होते आणि ते जाताना कोणाकोणाला दिसले होते, हे प्रेक्षकाला अधिकृतपणे कळलंच नाही. शिक्षा झाली ती एका चेहऱ्याला, आणि ते चॅनलला सोयीचं होतं, कारण चेहरा बदलता येतो.

तसा तो बदलला. १८ जून २०१५ ला लेस्टर होल्टचं नाव कायमचं म्हणून जाहीर झालं, सोमवार ते शुक्रवारचं संध्याकाळचं नेटवर्क बुलेटिन एकट्याने चालवणारा पहिला कृष्णवर्णीय अँकर. होल्ट तर महिनोनमहिने बदली म्हणून निमूटपणे बसत होता, ना किस्से ना टॉक शो, आणि रेटिंग फार कोसळलं नाही, एबीसीच्या डेव्हिड म्यूरने मध्ये पहिला नंबर काढून घेतला तेवढंच.

विल्यम्सला काढलं नाही, एमएसएनबीसीवर पाठवलं. नेटवर्कच्या मुख्य खुर्चीवरून केबलवर म्हणजे सरळ डिमोशन. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस अमेरिकेत आले तेव्हा तो पुन्हा दिसला, आणि वर्षभराने, सप्टेंबर २०१६ मध्ये, निवडणुकीपुरता म्हणून रात्री ११ वाजता 'द इलेव्हन्थ अवर' सुरू केला. ट्रम्पच्या काळात रात्री ११ वाजेपर्यंत रोज काहीतरी घडलेलंच असायचं, त्यामुळे तात्पुरता शो कायमचा झाला. आणि गंमत बघा, इथे तो फार चांगला वाटला. रिपोर्टर आणि जाणकार बोलवायचे, त्यांना नेमके प्रश्न विचारायचे, मध्ये एखादी कोरडी कोपरखळी, आणि स्वतःच्या शौर्याला जागाच नाही. अँकर म्हणून त्याच्यात मुळात काय होतं ते माझ्या मते ह्या पाच वर्षांत जास्त स्वच्छ दिसलं. डिसेंबर २०२१ मध्ये २८ वर्षांनी त्याने एनबीसी सोडलं, आणि ५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकन निवडणुकीच्या रात्री अॅमेझॉनच्या लाइव्ह कार्यक्रमात एका रात्रीपुरता परत आला.

'नाइटली न्यूज'वर होल्टने मे २०२५ पर्यंत काम केलं, आणि जून २०२५ पासून टॉम लामास बसतो. होल्टचं पद होतं अँकर आणि मॅनेजिंग एडिटर. लामासचंही तेच आहे.